पडले त्या क्रमाने : यादृच्छिक संख्यांच्या तपासणीची प्रस्तावना

पगाराचा हिशेब करणारा प्रोग्रॅम चुकला तर चूक पकडता येते. भविष्य निर्वाह निधी बारा टक्के कापायचा होता, तेरा टक्के कापला गेला. कागदावर गुणाकार मांडून दाखवला की वाद मिटतो. यादृच्छिक संख्या देणाऱ्या फंक्शनच्या बाबतीत अशी सोय नाही. त्याला फासा टाकायला सांगितले, चार पडले. हे चार बरोबर की चूक, या प्रश्नाला उत्तरच नाही. पुन्हा टाकला, पुन्हा चार. अजूनही काही म्हणता येत नाही. सलग चार वेळा चार पडले की शंकेची पाल चुकचुकते खरी, पण तेवढ्यावरून कोडकडे बोट दाखवता येत नाही. सहाशे वेळा फासा टाकला तर एकच आकडा सलग चारदा येण्याच्या जागा सरासरीने पावणेतीनच्या आसपास असतात. चोख फासा असाच वागतो. एकेक उत्तर सुटे घेतले तर प्रत्येक उत्तर निर्दोष असते. दोष असलाच तर तो उत्तरांच्या रांगेत असतो.

म्हणून या दोषाचा माग काढायला वेगळे शास्त्र लागले. त्यात संख्याशास्त्र आहे, अंकांच्या गुणधर्मांचे गणित आहे, प्रोग्रॅमिंग आहे, कूटलेखन आहे आणि अलीकडे प्रकाशकणांचे भौतिकशास्त्रही आहे. एवढी नावे ऐकून नव्या वाचकाने दबकून जाऊ नये. शाळेतली संभाव्यता, वर्ग करणे आणि बेरीज करणे एवढ्या भांडवलावर आत शिरता येते. या विषयातले सर्वांत जुने आणि आजही रोज उपयोगी पडणारे दोन प्रश्न तर तेवढ्यावरच समजतात. हे दोन्ही प्रश्न नेमकेपणाने एकत्र मांडले गेले ते येनामध्ये, आणि म्हणून ही प्रस्तावना तिथूनच सुरू करणे मला योग्य वाटते.

जर्मनीच्या थ्युरिंगिया राज्यात, झाले नदीकाठी वसलेले येना जगाला माहीत आहे ते सूक्ष्मदर्शकांसाठी. कार्ल झाइस यांचा कारखाना, ओट्टो शॉट यांची काच, फ्रीडरिश शिलर यांच्या नावाचे विद्यापीठ ही त्याची ओळख. संख्याशास्त्राच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव क्वचितच निघते. १८६३ साली तेवीस वर्षांच्या अर्न्स्ट आबे यांनी विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळवण्यासाठी येनात एक प्रबंध सादर केला. आबे मूळचे आयझेनाखचे, सूतगिरणीतल्या कामगाराचा मुलगा. पुढे ते झाइस यांचे भागीदार झाले, सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा कशी घडते याचा सिद्धांत त्यांनी मांडला, १८८९ मध्ये कार्ल झाइस प्रतिष्ठान उभारले आणि १९०० मध्ये कारखान्यात आठ तासांचा कामाचा दिवस आणला. एवढे मोठे कर्तृत्व पुढे घडल्यामुळे पहिला प्रबंध झाकोळला गेला, यात नवल नाही.

त्या प्रबंधाचा विषय होता निरीक्षणांच्या मालिकेत चुका कोणत्या नियमाने विखुरतात हा. खगोलशास्त्रज्ञ एकाच ताऱ्याची जागा पुन्हा पुन्हा मोजतो आणि दर वेळी उत्तर किंचित वेगळे येते. हे फरक निव्वळ योगायोगाचे आहेत, की त्यांत काही लपले आहे? दुर्बीण हळूहळू सरकते आहे का, रात्र चढेल तसे धातू आकसतात का, निरीक्षक थकतो आहे का? आबे यांनी यासाठी दोन मापे घेतली. पहिले, सगळ्या चुकांच्या वर्गांची बेरीज. फरक जेवढे असायला हवेत तेवढेच आहेत का, हे त्यातून कळते. ही बेरीज योगायोगाने किती मोठी होऊ शकते याचा नेमका नियम त्यांनी काढला, आणि तो नियम म्हणजे आज ज्याला काय-वर्ग वितरण म्हणतात तेच. जर्मनीतच हेल्मर्ट यांनी १८७० च्या दशकात ते पुन्हा काढले, आणि १९०० साली लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांनी त्यावर आपली प्रसिद्ध चाचणी उभी केली. दुसरे माप होते लागून आलेल्या दोन चुकांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज. पहिले माप आकडे किती पसरले आहेत ते पाहते, दुसरे माप ते कोणत्या क्रमाने आले ते पाहते. १९४१ मध्ये जॉन फॉन नॉयमान यांनी याच दुसऱ्या मापाचा नव्याने अभ्यास केला. रशियन पुस्तकांत मात्र ते आबे यांच्याच नावाने शिकवले जाते. आबे यांच्या प्रबंधाचे महत्त्व इंग्रजी वाचकांना मॉरिस केंडल यांनी १९७१ साली सविस्तर सांगितले, तोवर शंभराहून अधिक वर्षे उलटली होती.

यादृच्छिक फंक्शन बिघडले आहे का, हे तपासताना आपण हेच दोन प्रश्न विचारतो. माझे म्हणणे असे की बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारून थांबतात आणि अर्धे बिघाड दुसऱ्या प्रश्नात दडलेले असतात.

पहिला प्रश्न जवळून पाहू. ऑनलाइन खेळासाठी कोणी फासा टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. भाषेत शून्य आणि एक यांच्यामधला अपूर्णांक देणारे फंक्शन तयार असते. लिहिणाऱ्याने त्याचे उत्तर पाचाने गुणले, जवळच्या पूर्णांकापर्यंत आणले आणि त्यात एक मिळवला. एक ते सहा मिळाले, काम झाले. काही दिवसांत खेळणारे कुरकुरू लागतात की सहा पडतच नाही. कोड वाचला तर डोळ्याला काही खुपत नाही. पण जवळच्या पूर्णांकाला जाताना दोन्ही टोकांची घरे अर्धीच राहतात: दोन, तीन, चार, पाच यांना प्रत्येकी वीस टक्के वाटा मिळतो आणि एक व सहा यांना प्रत्येकी दहा टक्के. सहाशे वेळा फासा टाकला तर प्रत्येक आकडा शंभरच्या आसपास यायला हवा. इथे टोकाचे दोन साठच्या आसपास आणि मधले चार एकशे वीसच्या आसपास येतील. शंभरपासूनचा फरक घ्या, वर्ग करा, शंभराने भागा, बेरीज करा. टोकांचे सोळा आणि सोळा, मधल्या चौघांचे चार-चार, एकूण अठ्ठेचाळीस. चोख फाशाची ही बेरीज सरासरीने पाच येते, शंभरात पाचच वेळा ११.०७ च्या वर जाते आणि हजारात एकदा २०.५२ च्या वर. अठ्ठेचाळीस आल्यावर वादाला जागा उरत नाही. दुरुस्तीही एका ओळीची आहे: सहाने गुणा, अपूर्णांक टाकून द्या, मग एक मिळवा.

पिअर्सन यांनी स्वतःची चाचणी मांडताना खऱ्या फाशांचीच आकडेवारी वापरली होती. वेल्डन या जीवशास्त्रज्ञाने बारा फासे २६,३०६ वेळा टाकून घेतलेल्या त्या नोंदी. पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण एक-तृतीयांश, म्हणजे ०.३३३३ यायला हवे होते, आले ०.३३७७. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण एवढ्या टाकांनंतर चाचणीला तो स्पष्ट दिसतो. फासेही बिघडलेले असतात, हे तिथे आकड्यांनी सिद्ध झाले.

आता दुसरा प्रश्न. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची एक जुनी सवय आहे: दर वेळी फासा टाकण्याआधी घड्याळातले सेकंद घेऊन फंक्शनला नवे बीज, म्हणजे सीड, द्यायचे. हेतू चांगला असतो, की उत्तर आणखी बेभरवशाचे व्हावे. परिणाम उलटा होतो. त्याच सेकंदात तीनदा फासा टाकला की बीज तेच, म्हणून उत्तरही तेच. नोंद अशी दिसते: चार चार चार, दोन दोन दोन, पाच पाच पाच. अशा सहाशे टाकांची नुसती मोजणी केली तर काय-वर्गाची बेरीज सरासरीने पाचाऐवजी पंधरा येते. काहीतरी गडबड आहे एवढे कळते, पण चाचणी बोट दाखवते भलतीकडे: तिला वाटते की तीन जड आहे आणि एक हलका. दुरुस्त करणारा तीनच्या मागे लागतो. दुसऱ्या दिवशी पाच जड निघतो. माणूस असा दिवसेंदिवस आकड्यांच्या मागे फिरत राहतो, कारण त्याने मोजणी ठेवली आणि क्रम फेकून दिला.

आबे यांचे दुसरे माप इथे लगेच निकाल देते. आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर लागोपाठच्या फरकांच्या वर्गांची सरासरी मूळ प्रचरणाच्या, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीच्या, दुप्पट यायला हवी. फाशाचे प्रचरण ३५ भागिले १२, म्हणजे २.९२, त्याची दुप्पट ५.८३. वरच्या नोंदीत दर तीन फरकांपैकी दोन शून्य आहेत, म्हणून सरासरी १.९४ वर घसरते. आता दोष आकड्यांत नाही, शेजारात आहे हे कळले, आणि शेजारचे दोन टाक एकमेकांना कुठे भेटतात हे शोधत गेले की घड्याळापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

याहून फसवा बिघाड आहे तो सम-विषमाचा. जुन्या पद्धतीची बरीच फंक्शने आधीच्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणतात, त्यात दुसरी ठरावीक संख्या मिळवतात आणि दोनाच्या एखाद्या घाताने भागून बाकी ठेवतात. गुणायची आणि मिळवायची अशा दोन्ही संख्या विषम असल्या की या रांगेतल्या संख्या आळीपाळीने सम, विषम, सम, विषम अशा येतात; अपवाद नाही. कोणी अशा संख्येला सहाने भागून बाकी घेतली की फासाही तसाच चालतो. मोजणी बिनचूक येते, सहाही आकडे समसमान. पण दोन फासे लागोपाठ टाकायच्या खेळात जोडी कधीच पडत नाही, आणि बेरीज कायम विषम येते. आबे यांचे मापही इथे ५.८३ ऐवजी ६.३३ एवढाच हलका इशारा देते. अशा वेळी लागून आलेल्या आकड्यांच्या छत्तीस जोड्यांचा तक्ता मांडावा. त्यातली अठरा घरे कोरी दिसतात.

म्हणून तक्रार आल्यावर पहिले काम कोडला हात लावण्याचे नव्हे. पहिले काम म्हणजे उत्तरे पडली त्या क्रमाने, वेळेसकट, लिहून ठेवणे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी लॉगमध्ये फक्त बेरजा ठेवलेल्या असतात आणि एकदा क्रम गेला की पुरावाच गेला.

लोक करतात काय, तर उलटसुलट करून पाहतात. बीजात वेळ मिळवली, मग युजरचा क्रमांक मिळवला, मग एखाद्या मूळ संख्येने गुणले, दहा-वीस टाक पाहिले, बरे वाटले, सोडून दिले. येनाच्या इतिहासात या पद्धतीलाही स्थान आहे. आबे यायच्या आधी झाइस यांच्या कार्यशाळेत सूक्ष्मदर्शक असेच बनत: कुशल कारागीर हाताशी असलेली भिंगे एकामागून एक लावून बघायचा आणि प्रतिमा चांगली दिसली की तो संच पक्का करायचा. चांगला जमला तर का जमला हे सांगता येत नसे, आणि पुढचा तसाच जमेल याची खात्री नसे. १८६६ पासून आबे यांनी झाइस यांच्याबरोबर काम सुरू केले ते हे चाचपडणे थांबवून गणिताने भिंगे ठरवण्यासाठी, आणि १८७२ पासून आधी गणित करून बनवलेले सूक्ष्मदर्शक येनाहून बाहेर पडू लागले. ज्या माणसाने प्रबंधात योगायोग आणि दोष वेगळे करण्याची रीत काढली, त्यानेच पुढे कारखान्यातून चाचपडणे हद्दपार केले, यात मला एकच स्वभाव दिसतो.

या गावातला दुसरा माणूस आपल्या विषयाला वेगळ्या बाजूने भिडतो. गॉटलोब फ्रेगे येनात आबे यांचे विद्यार्थी होते आणि १८७४ पासून तिथेच शिकवत होते. ९ जानेवारी १८९१ रोजी येनातल्या वैद्यक आणि निसर्गविज्ञानाच्या सभेपुढे त्यांनी फलन आणि संकल्पना या विषयावर व्याख्यान दिले. फलनाला, म्हणजे गणितातल्या फंक्शनला, रिकामी जागा असते, तिथे काही भरले की ठरावीक मूल्य मिळते, तेच भरले तर तेच मिळते. आता आपल्या फंक्शनकडे पाहा. त्याला काहीच द्यावे लागत नाही आणि दर वेळी ते वेगळे उत्तर देते. फ्रेगे यांच्या कसोटीने हे फलनच नव्हे. खरे तर त्याला भरण्याची जागा आहे, फक्त ती लपवलेली आहे: आतली स्थिती, जी दर हाकेला बदलते. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने विचारायचा प्रश्न असा: लपवलेली जागा कुठे आहे, तिथे प्रथम काय भरले, आणि माझ्याशिवाय तिला आणखी कोण हात लावतो? एकाच सर्व्हरवरची दोन कामे एकाच स्थितीची नक्कल घेऊन सुरू झाली तर दोघांना हुबेहूब सारख्या संख्या मिळतात, आणि दोन अनोळखी खेळाडूंना एकाच वेळी तेच फासे पडतात.

या लपलेल्या जागेतल्या बिघाडाचे सर्वांत गाजलेले उदाहरण डेबियन लिनक्सचे. २००६ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या संचात एका सूचनेला उत्तर म्हणून कोडच्या ओळी काढून टाकल्या गेल्या. सगळे पूर्ववत चालले, आकडे पूर्वीसारखेच अस्ताव्यस्त दिसत राहिले. पण लपलेल्या जागेत भरायला उरला फक्त चालू कामाचा क्रमांक, जो तेव्हा ३२,७६८ पलीकडे जात नसे. जगभरच्या सर्व्हरांच्या गुप्त किल्ल्या मूठभर शक्यतांतून निघत होत्या, आणि २००८ च्या मे महिन्यात लुचानो बेलो यांनी हे उघडकीस आणेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. कुठल्याही एका संगणकावर बसून हजार चाचण्या लावल्या असत्या तरी त्या पार पडल्या असत्या. आबे यांचे दोन्ही प्रश्न इथे हतबल होतात. त्यांची ही मर्यादा पुढे पुन्हा येणार आहे.

यादृच्छिक संख्या हव्यात कशाला, हा प्रश्न नव्या वाचकाला पडला असेल. विसाव्या शतकात त्यांची पहिली मोठी गरज भासली ती नमुना पाहणीला. १९२७ साली टिपेट यांनी ४१,६०० अंकांचा तक्ता छापला, आणि पाहणीवर जाणाऱ्याच्या झोळीत असे तक्ते आले. आपल्याकडे ही परंपरा पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामात दिसते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेसाठी पिकांच्या उताऱ्याच्या पाहण्या उभारत होते. गाव, गावातले शेत आणि शेतातला कापणीचा तुकडा, तिन्ही निवडी यादृच्छिक अंकांवरून व्हायच्या. तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगून येतो, असे सुखात्मे यांनी दाखवले: सीमेवरचे रोप आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे ठरवताना माणसाचा कल आत घेण्याकडे असतो. निवड चोख होती, तरी शेवटच्या वीतभर जागेत माणसाचा हात शिरला. यादृच्छिकता सगळ्या साखळीत टिकली पाहिजे, हा धडा त्या कापणीतून मिळतो, आणि प्रोग्रॅमिंगमध्येही तोच खरा ठरतो: मूळ फंक्शन उत्तम असते, आकडा एक ते सहात बसवणारी शेवटची ओळ घात करते.

संगणक आल्यावर तक्त्यांची जागा सूत्रांनी घेतली. फॉन नॉयमान यांची पहिली युक्ती सोपी होती: चार अंकी संख्येचा वर्ग करा, आठ अंकांतले मधले चार घ्या, पुन्हा वर्ग करा. करून पाहा, मजा वाटते. मग ३७९२ घ्या. त्याचा वर्ग १,४३,७९,२६४, आणि मधले चार अंक पुन्हा ३७९२. रांग तिथेच थिजते. ६१०० घेतले तर २१००, ४१००, ८१०० आणि परत ६१००. देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची ६१७४ ही संख्या मराठी वाचकाला ठाऊक असतेच: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. कापरेकरांना ज्या गोष्टीने आनंद दिला, तीच गोष्ट यादृच्छिक संख्या बनवणाऱ्याला संकट वाटते. ठरावीक कृती मर्यादित संख्यांवर पुन्हा पुन्हा केली की ती कुठेतरी फेऱ्यात अडकणारच. फेरा किती लांब, एवढाच प्रश्न उरतो.

आयबीएमच्या १९६० च्या दशकातल्या रँडू या फंक्शनची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याने हाताने सोडवावी अशी आहे. ते आधीच्या संख्येला ६५,५३९ ने गुणून २ च्या ३१ व्या घाताने बाकी काढत असे. ६५,५३९ म्हणजे २ चा सोळावा घात अधिक तीन. त्याचा वर्ग करा आणि ३१ व्या घाताच्या पटी वगळा. उरते ते बरोबर मूळ गुणकाची सहापट उणे नऊ. म्हणजे तिसरी संख्या कायम दुसरीची सहापट उणे पहिलीची नऊपट. एकेक संख्या घ्या, दोष नाही. शेजारच्या दोन घ्या, तरी बरे दिसते. तीन-तीनचे गट करून अवकाशात बिंदू मांडले की सगळे बिंदू फक्त पंधरा सपाट पातळ्यांवर बसलेले दिसतात. जॉर्ज मार्सालिया यांनी १९६८ मध्ये दाखवले की या जातीच्या सर्वच सूत्रांत असे पापुद्रे असतात. रँडूमध्ये ते लाजिरवाणे कमी होते. रँडूवर विसंबून केलेल्या कितीतरी गणितांवर त्यामुळे प्रश्नचिन्ह लागले. आबे यांनी शेजारच्या दोघांकडे पाहिले होते, आता तिघांकडे, मग दहांकडे पाहणे भाग पडले. मार्सालिया यांचा डायहार्ड हा चाचण्यांचा संच १९९५ मध्ये आला, पिएर लेक्युये आणि रिशार सिमार यांचा टेस्टयू०१ हा २००७ मध्ये. दोन्हींच्या मुळाशी येनातलाच विचार आहे: अपेक्षित पसारा आणि अपेक्षित क्रम ठरवा, मग आलेला त्याच्याशी ताडून पाहा.

१९९८ मध्ये मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी प्रसिद्ध केलेला मर्सेन ट्विस्टर या वाटेवरचा मोठा टप्पा. त्याचा फेरा २ च्या १९,९३७ व्या घातातून एक वजा एवढा लांब. पीएचपी या भाषेने तो घेतला, पण लिहिताना एका जागी चुकीच्या चलाचा शेवटचा बिट घेतला गेला. कित्येक वर्षे हे फंक्शन मूळ रचनेपेक्षा वेगळी रांग देत राहिले आणि कोणाला जाणवले नाही, कारण ती रांगही दिसायला ठीकच होती. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पीएचपी ७.१ मध्ये ती चूक सुधारली, आणि जुन्या बीजावरून जुनीच रांग हवी असलेल्यांसाठी चुकीची आवृत्तीही वेगळ्या नावाने ठेवून दिली. तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. जुने प्रयोग पुन्हा पडताळता आले पाहिजेत.

इथे या शास्त्राला फाटा फुटतो. मर्सेन ट्विस्टरची लागोपाठ ६२४ पूर्ण उत्तरे हाती आली की पुढचे सगळे आकडे सांगता येतात. खेळातल्या फाशाला हे बहुधा चालते, पासवर्ड बदलण्याच्या गुप्त दुव्याला मुळीच चालत नाही. २००८ मध्ये जर्मन सुरक्षातज्ज्ञ श्टेफान एसर यांनी पीएचपीच्या अशा फंक्शनचे बीज हुडकून गुप्त दुवे ओळखता येतात हे दाखवले, आणि वर्डप्रेसला त्याच वर्षी आपली प्रणाली सुधारावी लागली. योगायोगाशी गाठ असते तेव्हा आबे यांचे प्रश्न पुरतात, कारण निसर्ग मुद्दाम फसवत नाही. समोर डाव रचणारा माणूस असेल तर तिसरा प्रश्न लागतो: आतापर्यंतचे सगळे पाहूनही पुढचा आकडा ओळखता येतो का? याचे उत्तर नमुना पाहून मिळत नाही, रचना पाहूनच मिळते. जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने यासाठी एआयएस २० आणि एआयएस ३१ हे निकष आखले. त्यांत नुसते आकडे तपासत नाहीत, आकडे जिथून येतात त्या स्रोताचे कार्य समजावून सांगावे लागते. पीएचपीत २०१५ पासून गुप्त कामासाठी रँडम-इंट हे वेगळे फंक्शन आहे. गुप्ततेसाठी जुने फंक्शन वापरलेले दिसले तर चाचण्यांच्या भानगडीत न पडता ते सरळ बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येनातही आता या तिसऱ्या प्रश्नाची धग आहे. तिथल्या फ्राउनहोफर संस्थेत, जी उपयोजित प्रकाशशास्त्रासाठी आहे, पुंजयामिकीवर आधारलेल्या सुरक्षित संदेशवहनाचे काम चालते. अर्धपारदर्शक आरशावर आलेला एकटा प्रकाशकण पार जाईल की परतेल, हे कुठल्याही बीजात लिहिलेले नसते. पण प्रकाशकण टिपणारा शोधक एकदा टिपल्यावर क्षणभर आंधळा होतो, आणि कधी कधी नसलेल्या कणाची खोटी चाहूल देतो. म्हणजे एका उत्तराची सावली पुढच्यावर पडते. एका बाजूचा कल काढून टाकायला फॉन नॉयमान यांची जुनी युक्ती आहे: दोन-दोन उत्तरे घ्या, शून्य-एक आले तर शून्य लिहा, एक-शून्य आले तर एक, सारखी आली तर टाकून द्या. साठ-चाळीसचा कल असला तरी दोन्ही जोड्या चोवीस टक्केच येतात. अट एकच, शेजारची उत्तरे स्वतंत्र हवीत. ती आहेत का, हे पाहायला १८६३ चे दुसरे माप पुन्हा बाहेर काढावे लागते, तेही त्याच गावात.

मराठी वाचकाने या विषयात यावे असे मला वाटते, त्याचे कारण केवळ कुतूहल नाही. म्हाडाच्या घरांची सोडत, शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांची सोडत, प्रभागांच्या आरक्षणाची सोडत: लोकांच्या आयुष्याचे निर्णय आपल्याकडे यादृच्छिक निवडीवर सोपवलेले आहेत. चिठ्ठ्या हाताने काढल्या म्हणून निवड आपोआप निःपक्ष होत नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांच्या ३६६ कुप्या पेटीत घालून काढल्या गेल्या. महिन्यामहिन्याने भरलेल्या कुप्या नीट मिसळल्याच गेल्या नाहीत आणि वर्षाअखेरीस जन्मलेल्या तरुणांची पाळी जास्त करून आधी आली. संगणक आणला म्हणूनही प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतल्याच अनेक राज्यांच्या संयुक्त लॉटरीतील सुरक्षा अधिकारी एडी टिप्टन याने आकडे काढणाऱ्या कोडमध्ये ठरावीक तारखांना अंदाज बांधता येईल अशी रांग निघण्याची सोय करून ठेवली होती. बाकीच्या दिवशी यंत्र चोख चाले. २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

अशा सोडतीत काय मागायचे, हे या शास्त्राने ठरवून दिलेले आहे. अर्जदारांची क्रमवार यादी आधी जाहीर व्हावी. आकडे काढण्याची कृती आधी छापली जावी. बीज अशा सार्वजनिक घटनेतून घ्यावे जी यादी जाहीर झाल्यानंतर घडेल आणि आयोजकांच्या हातात नसेल. २००४ साली इंटरनेटच्या मानकसंस्थेने आपल्या समितीची निवड करण्यासाठी याच तत्त्वावर एक पद्धत लिहून काढली आहे. मग सोडत झाल्यावर कोणीही नागरिक घरच्या संगणकावर तीच कृती करून तीच नावे त्याच क्रमाने येतात का ते पाहू शकतो, आणि एक जरी नाव जागेवरून हलले असेल तर ते कुठे हलले हे दाखवू शकतो.